वैतरणेच्या दोन तीरांवरच्या इगर्जी

उत्तर कोकणचा नकाशा पुढे घेऊन वैतरणा नदीवर बोट ठेवले, की एक गोष्ट चटकन नजरेत भरते. नदीच्या दक्षिणेला, म्हणजे आजच्या वसई तालुक्यात, आगाशी, नंदाखाल, निर्मळ, सांडोर, पापडी, रमेदी, माणिकपूर अशी एकाला एक लागून गावे आहेत आणि प्रत्येक गावाला स्वतःची इगर्जी आहे. नदीच्या उत्तरेला केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू ही गावे आहेत. तिथे किल्ले आहेत, बुरूज आहेत, चुन्यात बांधलेल्या विहिरी आहेत; पण पोर्तुगीज काळापासून अखंड नांदत आलेली इगर्जी माझ्या पाहण्यात एकही नाही.

दोन्ही तीरांवर राज्य एकच होते, दोनशे वर्षांचे. दोन्हीकडे तेच धर्मसंघ काम करत होते, तोच दगड आणि तोच चुना वापरला जात होता. मग एका तीरावर इगर्जी टिकल्या आणि दुसऱ्या तीरावर का टिकल्या नाहीत, हा प्रश्न मला गेली अनेक वर्षे पडलेला आहे. प्रस्तुत लेखात त्याचे उत्तर मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. बोईसरच्या पश्चिमेला पाम या गावी राहतो. नोकरी कारखान्यात झाली. इतिहास शिकलो तो सुट्टीच्या दिवशी, मोजपट्टी आणि वही घेऊन भटकताना, आणि पोर्तुगीज शब्दकोश शेजारी ठेवून जुने मजकूर लावताना. त्यामुळे या लेखात पांडित्य कमी आणि पाहिलेल्या दगडांचा आधार जास्त आहे.

दगड आणि चुना

आधी थोडी पार्श्वभूमी. या किनाऱ्यावर ख्रिस्ती धर्म पोर्तुगिजांच्या गलबतातून पहिल्यांदा उतरला, असा सर्वसाधारण समज आहे. तो पुरता खरा नाही. सहाव्या शतकातला ग्रीक प्रवासी कॉस्मस याने ‘कल्लियाना’ येथे बिशप असल्याची नोंद केली आहे आणि अनेक अभ्यासक हे ठिकाण म्हणजे कल्याण असे मानतात. १३२१ मध्ये ठाण्याला चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, तेव्हा त्यांचा सोबती असलेला जॉर्डानस हा डॉमिनिकन सोपाऱ्याच्या बाजूला काम करत होता. पण या खुणा कागदावरच्या. आज डोळ्यांना दिसणारी इगर्जी सुरू होते ती सोळाव्या शतकात.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगिजांना देण्याचा तह केला. हुमायून त्याच्या मागे लागला होता आणि समुद्राकडून तरी त्याला उसंत हवी होती. एका सुलतानाच्या अडचणीतून पोर्तुगिजांचा ‘उत्तर प्रांत’ जन्माला आला आणि वसई त्याची राजधानी झाली. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन असे सगळे संघ इथे आले. फ्रान्सिस्कनांमध्ये आंतोनियो द पोर्तू याचे नाव सुरुवातीच्या काळात सतत येते. या कामाला दुसरी बाजूही होती आणि ती झाकण्यात अर्थ नाही. जुनी देवस्थाने मोडली गेली. त्यांचे उत्पन्न नव्या धर्मसंस्थांकडे वळवण्यात आले. पुढे मराठ्यांनी वसई घेतल्यावर यांतली काही देवस्थाने पुन्हा उभी राहिली. इगर्जीच्या इतिहासात हे पान लावूनच पुढचे वाचावे लागते.

वसई किल्ल्यात आजही सात इगर्जींचे अवशेष ओळखता येतात. त्यांतली सेंट जोसेफ ही मुख्य इगर्जी, पोर्तुगीज भाषेत ‘मात्रीज’. ती सोळाव्या शतकाच्या मध्यास उभी राहिली आणि १६०१ मध्ये, गोव्याचे आर्चबिशप आलेशू द मेनेझिस यांच्या काळात, नव्याने वाढवली गेली, असे दारावरचा शिलालेख सांगतो. तिचा चौकोनी मनोरा दुरूनही दिसतो. जेझुइटांच्या इगर्जीचा दर्शनी भाग सर्वांत देखणा. कोरीव स्तंभ, कमानदार दार आणि वर आय. एच. एस. ही त्यांच्या संघाची मुद्रा. याच जेझुइटांच्या सहवासात वाढलेला वसईचा गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात नागासाकी येथे क्रुसावर मारला गेला आणि १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्याला संत म्हणून घोषित केले.

बांधणीची रीत समजून घेतली, तर या इमारती ‘युरोपातून उचलून आणलेल्या’ वाटत नाहीत. आराखडा युरोपचा खरा: एक लांब सभागृह, टोकाला त्याहून अरुंद वेदीची जागा, शेजारी धर्मगुरूंची वस्त्रे ठेवण्याची खोली, एका बाजूला घंटेचा मनोरा. मधे खांबांच्या रांगा न ठेवता एकच मोकळे सभागृह करण्यामागे एक व्यवहारी कारण होते. ट्रेंटच्या धर्मसभेनंतर प्रवचनाला महत्त्व आले आणि शेवटच्या माणसाला वेदी दिसली पाहिजे, शब्द ऐकू आला पाहिजे, अशी गरज निर्माण झाली. पण भिंत उभी राहते ती इथल्या मालावर. भिंतीच्या पोटात ओबडधोबड दगड आणि चुना, बाहेरून गिलावा. कोपरे, चौकटी, स्तंभ एवढ्यापुरता घडीव काळा पाषाण. छपराला लाकूड आणि वर कौले. आपल्या पावसात अशा भिंतीचा जीव गिलाव्यात असतो. छप्पर गेले, की पाणी भिंतीच्या डोक्यातून आत शिरते, चुना धुऊन नेते आणि पिंपळाचे मूळ उरलेले काम पुरे करते. किल्ल्यातल्या इगर्जींचे झाले ते हेच.

वसईच्या या काळ्या दगडाची ख्याती दूरवर होती. गोव्याचा स्थानिक दगड म्हणजे जांभा. तो कापायला सोपा, पण त्यावर बारीक कोरीव काम टिकत नाही. म्हणून १५९४ ते १६०५ या काळात जुन्या गोव्यात बॉम जेझुस बांधली गेली, तेव्हा तिच्या दर्शनी भागातल्या कोरीव कामासाठी वसईचा दगड समुद्रमार्गे नेण्यात आला. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या दर्शनाला जाणारा यात्रेकरू प्रथम ज्या दगडाखालून आत शिरतो, तो आपल्या उत्तर कोकणातल्या खाणीतला आहे. आपल्याकडच्या पाथरवटांचे नाव कोणत्याही शिलालेखावर नाही. त्यांचे काम तेवढे आहे.

किल्ल्याची इगर्जी आणि गावाची इगर्जी

माझ्या प्रश्नाचे पहिले सूत्र मला वसईतच सापडले. किल्ल्यातली प्रत्येक भव्य इगर्जी आज पडकी आहे आणि किल्ल्याबाहेरच्या, तुलनेने साध्या इगर्जी आजही भरलेल्या आहेत. सांडोरची संत थॉमसची, नंदाखालची पवित्र आत्म्याची, आगाशीची संत याकोबाची, पापडीची कृपामातेची, रमेदीची, माणिकपूरची. यांची मुळे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि सतराव्याच्या आरंभी जातात. म्हणजे वयाने त्या किल्ल्यातल्या इगर्जींच्या जवळपासच्या आहेत. संकटेही त्यांच्यावर कमी आली नाहीत. मे १६१८ च्या वादळाने वसईत घरांची आणि इगर्जींची छपरे उडवली. १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी उतरून तटाबाहेरच्या इगर्जी लुटल्या. तटाच्या आतल्यांना संरक्षण होते, बाहेरच्यांना नव्हते. तरीही टिकल्या त्या बाहेरच्या!

कारण किल्ल्यातल्या इगर्जी संघांच्या आणि सरदारांच्या होत्या. उत्तर प्रांतातली गावे पोर्तुगीज खानदानी घराण्यांना दोन-तीन पिढ्यांच्या कराराने लावून दिलेली असत. हे जमीनदार राहत वसईच्या तटात. त्यांच्या देणग्यांतून सोनेरी वेद्या घडल्या, त्यांच्याच थडग्यांनी इगर्जीची जमीन भरली. मालक गेला, की त्या इमारतीला कोणी वाली उरला नाही.

गावच्या इगर्जीचे तसे नव्हते. तिच्याभोवती वाड्या होत्या, केळीच्या बागा होत्या, पानवेली होत्या, कोळीवाडे होते. सामवेदी, वाडवळ, कोळी अशा कष्टकरी जातींतून ख्रिस्ती झालेली माणसे तिथे राहत होती आणि त्यांना जायला दुसरीकडे गाव नव्हते. वसईचा ख्रिस्ती समाज इंग्रजीतल्या पॅरिशला ‘धर्मग्राम’ म्हणतो. हा शब्द मला फार नेमका वाटतो. त्यात इमारत येतच नाही, ‘ग्राम’ येते. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये विवाहाची नोंदवही ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले. बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू यांच्या नोंदी ज्या दप्तरात होतात, तो धर्मग्राम आणि ज्याची नोंद होते, तो त्याचा माणूस. हे नाते दगडापेक्षा चिवट निघाले.

तारापूरच्या बाजूला

आता वैतरणा ओलांडून आमच्या बाजूला येऊ. १६३५ मध्ये आंतोनियो बोकारो याने पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील किल्ल्यांचे वर्णन सिद्ध केले आणि त्याला पेद्रो बार्रेतो द रेसेंदे याच्या रंगीत नकाशांची जोड मिळाली. त्यात वसईबरोबर तारापूर, माहीम, डहाणू, शिरगाव, आशेरी ही ठाणी आहेत. त्या काळात या किनाऱ्याला किती महत्त्व होते, ते यावरून कळते. आतल्या बाजूचा आशेरीचा डोंगर मनोरकडच्या सागाच्या जंगलावर नजर ठेवून होता आणि जहाजबांधणी करणाऱ्या राज्याला साग म्हणजे सोनेच. आशेरीवर आजही पोर्तुगीज राजमुकुट कोरलेला दगड उघड्यावर पडलेला दिसतो.

तारापूर आणि माहीम इथे डॉमिनिकन संघाची ठाणी होती. म्हणजे उत्तरेला इगर्जी नव्हत्या असे नाही. पण त्यांचा आश्रयदाता कोण होता, ते पाहावे. किल्ल्यातले शिपाई, अंमलदार, जमीन लावून घेतलेले पोर्तुगीज आणि त्यांच्या आसऱ्याने राहणारी थोडी घरे. वसईच्या गावांत जशी शेतकऱ्यांची सलग ख्रिस्ती वस्ती झाली, तशी इथे झालेली दिसत नाही. आतला सगळा मुलूख वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचा. किनाऱ्यावर मांगेला, वाडवळ, भंडारी. ही माणसे आपापल्या देवांना धरून राहिली. इगर्जी होती, पण तिला ‘ग्राम’ नव्हते. ती वसईच्या गावकुसात नव्हे, वसईच्या तटात शोभली असती, अशा जातीची होती.

मग १७३९ उजाडले. मराठ्यांची मोहीम १७३७ मध्ये साष्टीवर सुरू झाली होती. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजा माहीम, तारापूर या भागात आल्या. तारापूरचा किल्ला सुरुंग लावून आणि हातघाईची लढाई करून घेतला गेला. बाजी भीमराव रेठरेकर हे नामांकित सरदार तिथे कामी आले. तारापुरात वाटाघाटीला जागा राहिली नव्हती.

वसईचा शेवट निराळा झाला. तिथेही सुरुंग उडाले, तटाला खिंडार पडले, दोन्हीकडची माणसे फार मेली. पण मे महिन्यात पोर्तुगिजांनी अटींवर किल्ला दिला. शिबंदीला शस्त्रांसह, वाद्ये वाजवत बाहेर पडू दिले. लोकांना चीजवस्तू नेण्याची मुभा मिळाली आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेच्या धर्माला हात लावला जाणार नाही, अशी अट मान्य झाली. एवढ्या रक्तपातानंतर विजेत्याने असे कलम स्वीकारावे, ही चिमाजी आप्पांच्या मुत्सद्देगिरीची बाजू आपण त्यांच्या शौर्याइतकी सांगत नाही. मुलूख घेतला, तरी वाड्या कसणारी माणसे हवीत, हे त्यांना कळत होते.

तेव्हा माझे उत्तर दोन धाग्यांचे आहे. दक्षिण तीरावर जमिनीला बांधलेले धर्मग्राम होते आणि त्यांना तहाचे कलम मिळाले. उत्तर तीरावर इगर्जी शिबंदीच्या जिवावर उभी होती आणि शिबंदी लढाईत संपली. यांत पहिला धागा मला जास्त बळकट वाटतो. कारण कलम तर वसई किल्ल्यातल्या इगर्जींनाही मिळाले होते. तरी त्या वाचल्या नाहीत. पोर्तुगीज घराणी गोव्याकडे गेली आणि आतल्या इगर्जींवर झाडे वाढली. तारापूरच्या इगर्जीचे आणि वसईच्या मात्रीजचे मरण एकाच कारणाने ओढवले. एक लवकर गेली, दुसरी सावकाश.

घंटा

इगर्जीचा एक अवयव मात्र दोन्ही तीरांवरून निघून महाराष्ट्रभर पसरला. मराठे सरदारांनी विजयाची खूण म्हणून घंटा नेल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावरच्या घंटेवर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेल्या मारियेची आकृती आहे. नाशिकला १७४७ मध्ये बांधलेल्या नारोशंकराच्या देवळातली घंटाही वसईच्या विजयाची आठवण म्हणून ओळखली जाते. तिच्यावरून खणखणीत आवाजाला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणण्याची रीत पडली. लुटीचा हा माल खरा, पण तो वितळवून तोफा केल्या नाहीत. त्याच घंटा दुसऱ्या देवाच्या दारात पुन्हा घंटा म्हणूनच टांगल्या गेल्या. ज्यांना वसईच्या इगर्जीतला मूळ धातू ऐकायचा आहे, त्यांना आज देवळात जावे लागते, याची गंमत मला नेहमी वाटते.

भाषेतही असेच झाले. पाद्री, नाताळ, पगार, चावी, घमेले, पाव, इस्त्री, तुरुंग, हापूस हे शब्द वापरताना आपल्याला पोर्तुगिजांची आठवण येत नाही. राज्य गेले, शब्द राहिले. कारण ते माणसांच्या तोंडात होते.

टिकण्याची किंमत

१७३९ नंतर वसईच्या गावांत युरोपी संघ राहिले नाहीत. पुढचा काळ बहुतांशी गोव्याकडच्या धर्मगुरूंनी आणि गावकऱ्यांनी निभावला. अंमल बदलत गेला: मराठे, १७८० मध्ये इंग्रज, सालबाईच्या तहानंतर पुन्हा मराठे, १८१८ नंतर कायमचे इंग्रज. चर्चच्या आतही पोर्तुगालच्या राजाचा हक्क की रोमचा, हा वाद दीर्घकाळ चालला. १८८६ मध्ये वसईची ही गावे दमणच्या धर्मप्रांतात गेली, १९२८ मध्ये तो मोडल्यावर मुंबईकडे आली आणि १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. आज त्याच धर्मप्रांतात वैतरणेच्या उत्तरेचा मुलूखही येतो. तिथल्या आताच्या इगर्जी आणि तलासरी-डहाणूकडची आदिवासींमधली केंद्रे अलीकडच्या काळातली आहेत. तारापूरच्या डॉमिनिकनांशी त्यांचा धागा जुळत नाही.

अखंड वापरात राहण्याची एक किंमत असते. वापरातली इमारत बदलत जाते. पोर्तुगीज काळातल्या कौलांच्या जागी एकोणिसाव्या शतकात मंगलोरी कौले आली, मग पत्रे, मग स्लॅब. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनंतर मिस्सा लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागली आणि धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले, तेव्हा वेदी भिंतीपासून पुढे आणावी लागली. वस्ती वाढली, तशा भिंती पाडून सभागृहे रुंद केली. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असलेल्या किल्ल्यातल्या इगर्जींचा दगड जागचा हलत नाही, पण तिथे एरवी कोणी प्रार्थना करत नाही. गावात प्रार्थना रोज होते, पण दगड हलतो. जुन्याचे प्रेम असणाऱ्या माणसाला यात निवड करायला सांगितली, तर मी गावाच्या बाजूने उभा राहीन. रविवारी जागा पुरत नाही म्हणून भिंत मागे सरकवणाऱ्या लोकांना मी दोष देऊ शकत नाही. तारापूरच्या इगर्जीला जागा कमी पडण्याचे भाग्य लाभले नाही.

पण भिंत सरकवण्यापूर्वी दोन दिवस थांबता येते. एवढेच माझे मागणे आहे. एका गावात मी गेलो, तेव्हा जुन्या दाराची घडीव चौकट रस्त्याच्या भरावात गेली होती. चौकशी केल्यावर तिथल्या ऐंशीच्या घरातल्या एका आजोबांनी मला तिची उंची हाताने दाखवली आणि म्हणाले, “तिच्यावर काहीतरी लिहिलेले होते, आम्ही लहानपणी त्यावर बोटे फिरवायचो.” काय लिहिले होते, ते आता कोणालाच कळणार नाही. पाडण्याआधी मोजमाप घ्यावे, सगळ्या बाजूंची छायाचित्रे काढावीत, शिलालेखाचा ठसा घ्यावा, घडीव दगड आवारात एका बाजूला लावून ठेवावेत. याला मोठा निधी लागत नाही. शाळेतली दहा मुले आणि एक जाणता शिक्षक पुरतो. नोंदवह्यांचे तर त्याहून तातडीचे आहे. दमट हवेने आणि वाळवीने कागद खाल्ला, की ज्या नात्यामुळे हे धर्मग्राम टिकले, त्याचा पुरावाच जाईल. एका वाडीतल्या घराण्याची पिढ्यान् पिढ्यांची नावे, आडनावे, साथीच्या वर्षांतले मृत्यू हे सारे त्या पानांत आहे आणि ते केवळ ख्रिस्ती समाजाचे नव्हे, कोकणच्या शेतकऱ्याचे चरित्र आहे.

आमच्या बाजूला तेवढेही उरलेले नाही. १९६९ पासून तारापूर म्हटले, की लोकांच्या डोळ्यांपुढे अणुवीज केंद्र येते आणि बोईसर म्हटले, की कारखान्यांच्या चिमण्या. किल्ल्याच्या तटाकडे फारसे कोणी पाहत नाही, डॉमिनिकनांच्या ठाण्याचे नाव तर कोणाच्या कानीही नसते. २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला आणि वैतरणेचे दोन्ही तीर त्यात आले. या जिल्ह्याचा इतिहास लिहिताना वसईच्या भरल्या इगर्जींशेजारी तारापूर-माहीमच्या हरवलेल्या इगर्जींनाही एक ओळ मिळावी. त्या का हरवल्या, हे कळले, तर ज्या आहेत त्या कशाने उभ्या आहेत, तेही कळेल.